दिव्यांग मुलाला शाळेत घालायचंय? प्रमाणपत्रापासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत

माझी भाची पहिलीत गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात बहिणीच्या लक्षात आलं की पोरगी पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत आणते. विचारलं तर काही सांगेना. शेवटी एका रात्री अंथरुणात पडल्यावर म्हणाली, "पाणी प्यायलं की शू लागते." शाळेच्या स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या होत्या आणि आत धरायला काहीच नव्हतं. भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. दोन्ही पायांना कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या), हातात वॉकर. सहा वर्षांची मुलगी दहा ते पाच तहान मारून बसायची.

तिचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं होतं, शाळेत नाव लागलं होतं, पुस्तकं मिळाली होती. कागदावर सगळं झालेलं. अडलं होतं ते भिंतीला लावायच्या एका लोखंडी दांडीपाशी आणि मधल्या सुट्टीत तिला घेऊन जाणाऱ्या एका बाईपाशी. दोन्हीचा खर्च आमच्या गावातल्या एका छोट्या संस्थेने उचलला. वेल्डिंगवाल्याने एका दुपारीत दांडी बसवून दिली. पुढे मी त्याच संस्थेत अर्ज वाचायला बसू लागले, त्याला आता नऊ वर्षं झाली. अर्ज करणाऱ्या घरात काय चालतं आणि अर्ज वाचणाऱ्या टेबलावर काय चालतं, दोन्ही पाहिलंय, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. शाळेत प्रवेश, फी, पुस्तकं हे तुमच्या मुलाच्या हक्काचं आहे, त्यासाठी कुणापुढे हात पसरायचा नाही. संस्थेकडे जायचं ते हक्काचं सगळं पदरात पडल्यानंतरही जे रोजचं अडतं त्यासाठी. बहुतेक घरं याच्या उलट करतात. फीसाठी संस्थांच्या पायऱ्या झिजवतात आणि रिक्षाला पैसे नाहीत म्हणून दिवाळीनंतर मूल घरी बसतं.

१. आधी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. त्याचा आणि प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. मोबाईलवरून जमत नसेल तर सेतू केंद्रात किंवा सीएससीत (सामान्य सेवा केंद्रात) जा. मूळ अर्जाला सरकारी शुल्क नाही. अर्ज भरताना जे रुग्णालय निवडाल तिथे दिव्यांग मंडळाच्या तपासणीचे वार ठरलेले असतात. ते आधी विचारूनच निघा. मुलाला कडेवर घेऊन दोन एसटी बदलून गेल्यावर "डॉक्टर बुधवारी येतात" हे ऐकण्यासारखा त्रास नाही.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या. जन्माच्या वेळची डिस्चार्ज फाईल, एमआरआय, कानाची तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, फिजिओथेरपीची वही, जे असेल ते. मूल तिथे दहा मिनिटं दिसतं. त्याचं रोजचं कसं चालतं ते फाईलमधूनच कळतं. जिन्याला त्रास होतो, घास भरवावा लागतो, फिट येते, हे तुम्ही स्वतः तोंडाने सांगा. आई-वडील तिथे गप्प बसतात, किंवा लाजून "तसं सगळं करतो तो" म्हणतात. असं करू नका.

कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते: ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरं, त्यापुढे पिवळं आणि ८० टक्क्यांपासून पुढे निळं. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि अध्ययन अक्षमताही त्यात येतात. "आमचा चालतो-बोलतो, मग कसला दिव्यांग" असं समजून पुष्कळ जण अर्जच करत नाहीत. लहान मुलांना कित्येकदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपायच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज करा.

इथे फसगत होते ती नावात. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि कार्डावर तिसरंच, असं झालं की पुढची पाच वर्षं प्रत्येक खिडकीवर तुम्हाला परत पाठवतात. आधी आधार आणि जन्मदाखला जुळवून घ्या, मगच अर्ज करा. आणि टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. प्रमाणपत्र खोटं ठरलं तर खरोखर दिव्यांग असलेल्या मुलाच्या हातून सगळंच जातं.

२. प्रमाणपत्राची वाट बघत शाळा थांबवू नका

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्ये आलं म्हणूनही नाही. मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करायलाही बंदी आहे. ऊसतोडीसाठी कारखान्यावर आलेल्या कुटुंबांना हे मी दरवर्षी सांगते, कारण त्यांच्या पोरांकडे बहुधा कागदच नसतो. दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल तरी त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, पहिलीत बसवायचं नसतं.

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची साधी शाळा की विशेष शाळा, हे पालकांनी ठरवायचं. दिव्यांगत्व तीव्र किंवा बहुविध असेल तर घरी शिक्षणाची सोय मागता येते. मात्र एक बघा: चालू शकणाऱ्या, बसू शकणाऱ्या मुलाला शाळेचा त्रास वाचावा म्हणून 'घरीच शिकवू' असं कुणी सुचवलं, तर लगेच हो म्हणू नका.

खासगी विनाअनुदानित शाळा हवी असेल तर पंचवीस टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. दिव्यांग मूल वंचित घटकात मोडतं, त्यामुळे एक लाखाच्या उत्पन्नाची अट त्याला नाही. ती अट दुर्बल घटकासाठी आहे. इथे सोडत निघते, नंबर लागेलच असं नाही. आणि ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीत त्याच शाळेत फी भरावी लागेल, हे आजच लक्षात ठेवा.

"आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे बघा" असं तोंडी सांगितलं जातं. भाचीलाही एका शाळेने असंच परत पाठवलं होतं. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं, आम्ही मुकाट्याने परतलो. आता मी पालकांना सांगते, भांडू नका, फक्त म्हणा, "हे कागदावर लिहून द्या." आमच्या इथे तरी बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते. नाही मिटली तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि त्यापुढे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्याच.

३. शाळा बघायला जाताना मोजपट्टी न्या

शाळेचं नाव, निकाल, रंगरंगोटी नंतर बघा. आधी स्वच्छतागृह बघा. त्या पाण्याच्या बाटलीनंतर मी कोणत्याही शाळेत गेले की पहिल्यांदा तिकडेच जाते.

दार उघडल्यावर किमान तीन फूट मोकळी जागा हवी, नाहीतर व्हीलचेअर अडकते. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का? आत धरायला दांडी आहे का? कडी मुलाच्या हाताला पोचते का? रॅम्प असेल तर त्याचा उतार बघा. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते. कित्येक ठिकाणी नावापुरता रॅम्प असतो, घसरगुंडीसारखा उभा. एका शाळेत रॅम्प अगदी नीट होता, पण वर पोचल्यावर वर्गाच्या दाराला सहा इंचांचा उंबरा. मुलाला व्हीलचेअरसकट उचलून आत न्यावं लागायचं. सिमेंटचं अर्धं पोतं लागलं असतं तो उंबरा उतरता करायला.

वर्ग तळमजल्यावर मागा. दिव्यांग मुलासाठी वर्ग खाली आणणं शाळेला जमण्यासारखं असतं, फक्त मे महिन्यातच बोलायला हवं. जूनमध्ये वेळापत्रक बसल्यावर कुणी ऐकत नाही. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्याजवळची जागा आणि खिडकी पाठीमागे, कमी ऐकू येणाऱ्यासाठी बाईंचं तोंड समोरून दिसेल अशी जागा. याला एक पैसा लागत नाही.

४. नाव लागलं की यू-डायसची नोंद तपासा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शाळा दरवर्षी यू-डायस प्रणालीत मुलांची माहिती भरते. त्यात तुमच्या मुलापुढे 'विशेष गरजा असलेला विद्यार्थी' अशी नोंद आणि दिव्यांगत्वाचा प्रकार नसेल, तर समग्र शिक्षा अभियान या सरकारी शालेय योजनेतलं त्याच्या वाट्याचं काहीच त्याच्यापर्यंत येत नाही. मुख्याध्यापकांना सांगा, "सर, पडद्यावर दाखवा." संकोच करू नका. भाचीची नोंद पहिल्या वर्षी राहून गेली होती आणि मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता दोन्ही वर्षभर बुडाले.

नोंद असेल तर काय मिळू शकतं? दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने. गरजेप्रमाणे प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता. ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांतली पुस्तकं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक शाळेला भेट देतात. त्यांचा फोन नंबर पहिल्याच भेटीत घेऊन ठेवा, पुढची दहा वर्षं तो उपयोगी पडतो. साहित्य वाटपाची मोजमाप शिबिरं कधी आहेत हे त्यांनाच आधी कळतं. केंद्राच्या एडीप योजनेतून कॅलिपर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र मिळतं, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. मोठ्यांना तीन वर्षांनी पुन्हा साहित्य मिळतं, बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र एका वर्षाने मागता येतं, कारण त्यांचे पाय वाढतात.

भत्ते बँकेत जमा होतात आणि फार उशिरा होतात. कधी सगळी रक्कम एकदम वर्षाअखेरीला येते. खातं आधारशी जोडलेलं आणि चालू ठेवा, सहा महिन्यांतून एकदा शंभर रुपये का होईना भरा-काढा.

५. आता एका कागदावर महिन्याचा हिशेब मांडा

संस्थेकडे जाण्याआधी हे कराच. कागदावर उभे तीन रकाने आखा: हक्काने काय मिळतं, योजनेतून काय मिळतं, आणि रोजचं काय उरतं. भाचीच्या घरी असा कागद पहिल्यांदा मांडला तेव्हा तिसऱ्या रकान्यात हे उतरलं: रिक्षा, मधल्या सुट्टीतली मदतनीस, कॅलिपरचे पट्टे आणि बूट, आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला जायचं एसटीचं भाडं. चार ओळी. बहीण कागद बघून म्हणाली, "एवढंच? मला वाटायचं डोंगर आहे."

कॅलिपरचं विशेष सांगते, कारण ते बाहेरच्यांना दिसत नाही. सरकारी शिबिरात कॅलिपर मिळतो, पण घोट्याजवळचा चामडी पट्टा घामाने कडक होतो आणि चार-पाच महिन्यांत तुटतो. पट्टा तुटला की मूल शाळेत जात नाही. गावातला चप्पल शिवणारा तो अर्ध्या तासात बदलून देतो. पण आईला वाटत राहतं की त्यासाठी पुन्हा जिल्ह्याच्या गावी जावं लागेल, आणि त्यात पंधरा दिवस जातात. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांचंही तसंच. यंत्र फुकट आलेलं असतं आणि बॅटरी संपल्यावर ते डब्यात पडून राहतं. असल्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्चाला संस्थेची मदत मागा. मुलाचं शाळेत टिकणं त्याच्यावर असतं.

६. मदत कुठे मिळते

पहिली जागा तुमची स्वतःची ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. कित्येक गावांत तो मार्चमध्ये घाईघाईने कशावर तरी संपतो. ऑगस्टमध्येच ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या आणि ग्रामसभेत विषय घ्यायला सांगा. शाळेतली ती दांडी किंवा उंबरा यातून होण्यासारखा आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घाला. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात ओपीडी आणि थेरपीही येते. शस्त्रक्रिया लागणार असेल तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकासाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवकांना भेटा, दाखल होण्याआधी भेटा. वडील किंवा आई नसेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा.

घरून रोज जाणं-येणं शक्यच नसेल तर वसतिगृह असलेल्या संस्था बघा. आमच्या भागात पहिलं नाव निघतं ते कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेचं. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ती सुरू केली. मुंबईत दादरला अंध मुलींसाठी कमला मेहता शाळा आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी १९४४ पासून जय वकील संस्थेची शाळा आहे, पुण्यात कामायनी आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातही अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. एकदा तरी मुलाला घेऊन जाऊन बघून या, जेवणाच्या वेळेला जा.

रोटरी, लायन्स, गावातली मंडळं, देवस्थानांचे न्यास, सहकारी बँका यांच्याकडे छोट्या रकमा लवकर मिळतात. संस्था अनोळखी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. खरी संस्था तो पत्राच्या डोक्यावरच छापते. 'मदत मंजूर झाली, आधी प्रोसेसिंगचे दोन हजार भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे. आणि मुलाचा फोटो फ्लेक्सवर लावायची अट कुणी घातली तर नाही म्हणा. वर्गातली मुलं तो फ्लेक्स वाचतात.

७. अर्ज एका पानाचा

माझ्या टेबलावर चार-चार पानांचे अर्ज येतात. त्यात घरची सगळी दुःखं असतात, आणि नेमकं काय हवंय तेच नसतं. वाचताना जीव तुटतो, पण मंजुरीच्या कागदावर आकडा लिहायला काही सापडत नाही. ज्या अर्जांना आम्ही त्याच बैठकीत हो म्हणतो, ते साधारण असे असतात:

"माझी मुलगी इयत्ता तिसरीत शिकते. तिला दोन्ही पायांना कॅलिपर आहेत. घर ते शाळा अंतर साडेतीन किलोमीटर आहे. मी शेतमजुरी करते, त्यामुळे रोज सोडायला जाता येत नाही. रिक्षाचे महिन्याला ९०० रुपये होतात. त्यातले ३०० मी भरू शकते. जुलै ते एप्रिल अशा दहा महिन्यांसाठी महिना ६०० रुपये मिळावेत. पैसे थेट रिक्षावाल्यांना दिले तरी चालतील. त्यांचं पत्र जोडलं आहे."

बघा, यात किती कमी शब्द आहेत. काय हवं, किती, कधीपर्यंत, स्वतःचा वाटा किती आणि पैसे कुणाच्या हातात जातील, सगळं आलं. स्वतःचा वाटा पन्नास रुपयेसुद्धा चालतो, पण लिहा. सरकारी भत्ता मिळत असेल तर तोही लिहा. लपवलेलं नंतर कळलं की पुढच्या वर्षीचा अर्ज अवघड होतो.

सोबत जोडायचे कागद, प्रत्येकी दोन झेरॉक्स:

- यूडीआयडी कार्ड किंवा प्रमाणपत्र (नसेल तर अर्ज केल्याची पावती)
- मुलाचा आणि पालकाचा आधार
- शिधापत्रिका
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- शाळेचं बोनाफाईड आणि हजेरीचं पत्र
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- खर्चाचं कोटेशन: रिक्षावाल्याचं साधं हाताने लिहिलेलं पत्रही चालतं, त्यावर सही आणि फोन नंबर हवा

मूळ कागद कुणालाही देऊ नका, फक्त दाखवा. सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आमच्याकडे एका वर्षी पुरात सगळी फाईल गेली, तेव्हा फोटोंवरून निम्मे कागद पुन्हा काढता आले.

८. मदत मिळाल्यावर

दर महिन्याच्या पावत्या जपा आणि तीन महिन्यांनी संस्थेला एक चिठ्ठी किंवा व्हॉट्सॲप करा: किती दिवस शाळा झाली, कुठे अडलं. आभाराचं लांबलचक लिहायची गरज नाही, हजेरीचा आकडा पुरे. पैसे उरले तर सांगा. एका आईने मे महिन्यात चारशे रुपये परत आणून दिले होते. पुढच्या वर्षी तिच्या मुलाचा अर्ज चर्चेलाही आला नाही, थेट मंजूर झाला.

आणि तुम्ही मदत देणारे असाल तर तुमच्यासाठीही एक विनंती. जूनमध्ये सगळे दप्तरं वाटतात. एकेका मुलाकडे तीन-तीन दप्तरं होतात आणि नोव्हेंबरात रिक्षा बंद पडते. एका मुलाचे दहा महिने उचला. पावती आणि कर सवलतीसाठी संस्थेची आयकराची ८०जी नोंदणी आहे का विचारा. दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर ती सवलत मिळत नाही, म्हणून चेकने किंवा ऑनलाइन द्या.

९. दरवर्षीचं वेळापत्रक

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, एप्रिलमध्ये नवा काढा, कारण मे-जूनमध्ये सेतूवर रांगा लागतात. कॅलिपर आणि बुटांचं माप एप्रिलमध्येच द्या, म्हणजे उन्हाळ्यात नवीन जोडाची सवय होते. जूनमध्ये नवा जोड पहिल्यांदा घालून शाळेत पाठवलं की पायाला फोड येतात. मेमध्ये मुख्याध्यापकांशी वर्गखोलीचं बोला, सप्टेंबरात यू-डायसची नोंद पुन्हा बघा.

नववीत गेल्यावर दिव्यांग विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचा अर्ज करा. दहावीच्या परीक्षेला लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारा) आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मागता येतो, पण त्याचा प्रस्ताव शाळेने बोर्डाकडे आधी पाठवायचा असतो. दिवाळीच्या सुट्टीआधीच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन ठेवा. लेखनिक कोण असणार तेही तेव्हाच ठरवा आणि मुलाला त्याच्यासोबत दोन-तीन जुने पेपर सोडवायला बसवा. सांगायचं कसं आणि लिहून घ्यायचं कसं, याची सवय दोघांनाही व्हावी लागते. भाचीने यंदा पहिला सरावपेपर दिला तेव्हा गणितात अकरा गुणांचं येत असूनही सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या पेपरपासून ती आणि तिची लेखनिक मुलगी कच्च्या कामासाठी वेगळी वही ठेवतात.